दोन लाख व्ह्यूज आणि एक रुसलेली काकू : छोट्या धंद्यासाठी सोशल मीडिया नेमका कसा वापरायचा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले काही शब्द तसेच ठेवलेत.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटेच डबा खात असाल, तर पुढची पंधरा-वीस मिनिटं माझ्यासोबत राहा.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळची कराडची. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. दिवसभर सर्व्हर, लॉग आणि डॅशबोर्ड बघणं हे माझं काम. म्हणजे मार्केटिंगचं शिक्षण शून्य. तरीही आज मी सोशल मीडिया मार्केटिंगवर बोलणार आहे, कारण या विषयात मी एक मोठी चूक केली आहे आणि तीही स्वतःच्या आईच्या धंद्यात. त्या चुकीतून जे शिकले, ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा काही छोटा उद्योग आहे त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा भाग.

धंदा काय आहे?

आई कांदा-लसूण मसाला करते. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आमटी असो की मटण, तो एक चमचा पडल्याशिवाय आमच्याकडे जेवण होत नाही. आणि हा मसाला वर्षभराचा एकदमच करतात, उन्हाळ्यात. मार्च ते मे. ऊन कडक पाहिजे, मिरची खडखडीत वाळली पाहिजे. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. मिरचीचे देठ काढायचे, धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, नाकेश्वर असं सगळं वेगवेगळं भाजायचं, मग कांडप मशीनवर न्यायचं, आणि शेवटी कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर त्यात मिसळायची. दोन दिवस हाताची आग जात नाही.

बाबांचं काम बंद पडलं तेव्हा आईनं हे सुरू केलं. आधी गल्लीतली दहा घरं, मग नातेवाईक, मग त्यांच्या ओळखीचे. मी जेव्हा यात लक्ष घातलं तेव्हा तिची ११० घरं ठरलेली होती. एकही जाहिरात न करता.

मी "मदत" केली

मी म्हटलं, आई, तू अजून वहीत नाव लिहितेस, आपण इन्स्टाग्राम पेज काढू. टिकटॉक २०२० च्या जूनअखेरीस बंद झालं आणि लगेच जुलैत आपल्याकडे रील्स आले, तेव्हापासून जो तो रील करतोय. आपण का मागे राहायचं?

लोगो केला. हायवेवरच्या ढाब्याला शोभेल असा. रोज एक पोस्ट टाकायची असं ठरवलं. "गुड मॉर्निंग", "जागतिक अमुक दिन", सणाच्या शुभेच्छा. लाईक यायचे ते माझ्या कॉलेजच्या ग्रुपचे. मग वाटलं, पैसे टाकू. पोस्टखाली ते निळं "बूस्ट" बटण असतं ना, ते दाबलं. वय १८ ते ६५, ठिकाण अख्खा महाराष्ट्र, ६,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,०८०. त्यातून मिळाल्या फक्त चार ऑर्डर.

का? तर मी त्या यंत्रणेला जे मागितलं, तेच तिनं दिलं. पोस्टला लाईक पाहिजेत असं मी सांगितलं होतं, तर तिनं लाईक करणारी माणसं शोधून आणली. मसाला विकत घेणारी माणसं मी मागितलीच नव्हती. इंजिनीअर असून हे मला समजू नये! चुकीचं इनपुट दिलं की चुकीचंच आउटपुट येतं, हे तर आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात.

आईला मी कौतुकानं लाईकचा आकडा दाखवला. ती तीळ भाजत होती. मागे न बघता म्हणाली, "अगं, लाईक घेऊन काय करू? गिऱ्हाईक किती आलं त्ये सांग."

मग रील "चाललं"

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सहज एक व्हिडिओ काढला. आई मिरची भाजतेय, ठसका लागलाय, पदरानं डोळे पुसतेय आणि मावशीला ओरडतेय. काही ठरवून नाही. टाकला आणि झोपले. चार दिवसांत २ लाख ३० हजार व्ह्यूज.

तुम्हाला वाटेल, झालं, सक्सेस स्टोरी. थांबा.

मेसेजचा पूर आला. दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू, नागपूर. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून उत्तरं देत होते. आठवड्याभरात २६० जणांनी अर्ध्या अर्ध्या किलोची ऑर्डर दिली, आगाऊ यूपीआय करून. म्हणजे १३० किलो. मी खूश.

आईनं विचारलं, "कधीपर्यंत द्यायचं म्हणालीस?" मी म्हटलं, दहा दिवसांत.

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

कारण आई आणि मावशी मिळून आठवड्याला ३० किलो मसाला करतात. त्यापेक्षा जास्त होतच नाही. देठ काढायला दोनच जोड्या हात, भाजायला एक कढई, आणि उन्हाळ्यात कांडप मशीनवर नंबर लावावा लागतो. आमच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात. सर्व्हरवर किती लोड येईल ते बघितल्याशिवाय आम्ही ऑफिसमध्ये एक बटणसुद्धा लाईव्ह करत नाही. आणि घरी मी आईच्या हातांवर चौपट लोड टाकून मोकळी झाले होते.

मी एक उपाय सुचवला, त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, बाजारातून तयार मिरची पूड आणू, निम्मं काम वाचेल, कुणाला कळणार आहे? आई म्हणाली, "मला कळंल की."

त्यावर बोलायला काही उरलं नाही.

पुढचे पाच आठवडे फार वाईट गेले. ४१ लोकांचे पैसे परत केले. कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं, आणि आमच्या पिशव्या होत्या साध्या. कुरिअरमध्ये काही फुटल्या. कुणाच्या दारात लाल तेलानं माखलेला बॉक्स पोचला. कमेंटमध्ये "फ्रॉड" हा शब्द आला. आईला कमेंट वाचता येतात, हे मी विसरले होते.

पण खरा फटका वेगळाच होता. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत. आईच्या अगदी पहिल्या गिऱ्हाईक. दरवर्षी पाच किलो, तिन्ही मुलींच्या घरी तोच मसाला जातो. त्या वर्षी त्यांना मेअखेरपर्यंत मसाला मिळाला नाही. त्यांनी दुसरीकडून घेतला. भाजी मंडईत भेटल्या तेव्हा आईला एवढंच म्हणाल्या, "आता तुमचं मोठं झालंय, आम्ही कशाला त्रास द्यायचा."

आई त्या रात्री जेवली नाही. मी पेज बंद करायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "बंद कशाला करतीस? नीट कर की."

"नीट" म्हणजे काय?

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघी वही घेऊन बसलो. फोन बाजूला ठेवला. आणि एक साधं गणित केलं.

आठवड्याला ३० किलो, हंगामाचे १२ आठवडे, म्हणजे ३६० किलो. जुनी ११० घरं, सरासरी दोन किलो, म्हणजे २२० किलो त्यांचेच. उरले १४० किलो. नवीन घरानं दोन किलो घेतला, तर हवीत फक्त ७० नवी घरं.

सत्तर! मंडळी, मला २ लाख लोक नकोच होते. मला ७० घरं पाहिजे होती. आणि तीही अशी, जी पुढच्या वर्षी परत येतील. ज्यांच्या जिभेला ही चव आधीच माहीत आहे. म्हणजे कराड-सातारा भागातले, किंवा इथून पुण्याला नोकरीला गेलेले.

हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: "मेअखेरपर्यंत ७० नवी घरं, कराड, सातारा आणि पुणे." त्यानंतर प्रत्येक पोस्टच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, याने त्या ७० पैकी कुणी येईल का? येणार नसेल तर टाकायचं नाही. "गुड मॉर्निंग" त्याच दिवशी बंद झालं.

आता आम्ही काय काय केलं ते क्रमानं सांगते.

१. आधी जुनी माणसं

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, २०१८ पासून, फुकट. त्यात कॅटलॉग करता येतो, म्हणजे फोटो, वजन, भाव एकदाच टाकायचं. नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं साठवता येतात. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे लेबल. आम्ही चारच लेबलं केली: "जुने", "पैसे आले", "पाठवलं", "पोचलं". एवढ्यावर आईचा अर्धा गोंधळ संपला.

मग ब्रॉडकास्ट लिस्ट. एका यादीत २५६ नंबर बसतात. पण लक्षात ठेवा, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच तो मेसेज त्याला जातो. म्हणून आईनं ११० जणांना एकेक करून फोन केला. "नंबर जपून ठेवा, या वर्षी आधी तुमचं." नव्या लोकांसाठी बुकिंग उघडायच्या दोन आठवडे आधी जुन्यांचं बुकिंग घेतलं.

आणि काकूंकडे आई स्वतः गेली. फोन नाही, मेसेज नाही.

२. रील कशावर करायचं?

आम्ही आदल्या वर्षीचे सगळे मेसेज वाचून काढले. लोक फिरून फिरून तेच विचारत होते. किती तिखट आहे? किती दिवस टिकतो? फोडणीत आधी घालायचा की नंतर? कांदा-लसूण असून बुरशी कशी येत नाही?

हेच आमचे विषय. एका रीलमध्ये आई दोन्ही हातांत मिरच्या धरून सांगते, ही ब्याडगी, हिनं रंग येतो. ही लवंगी, हिनं घाम येतो. तुम्हाला कमी तिखट पाहिजे तर ही कमी करते. एकात बरणी कोरडी का पाहिजे, ओला चमचा का घालायचा नाही. व्ह्यूज आले दोन-तीन हजार. पण त्याखालचे प्रश्न घेणाऱ्यांचे होते.

एक गंमत सांगते. मी घासूनपुसून केलेल्या पोस्टपेक्षा आईनं स्वतः टाकलेल्या स्टेटसला जास्त उत्तरं यायची. "आज मिरची वाळत घातली. ऊन चांगलं हाय." बस, एवढंच. शुद्धलेखन वगैरे काही नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की हे लिहिणारी बाई खरंच अंगणात उभी आहे. तेव्हापासून स्टेटसचं खातं आईकडे, मी त्यात हात घालत नाही.

आणखी एक. बिझनेस अकाउंटवर सगळी गाणी वापरायला मिळत नाहीत, ट्रेंडिंग गाणं लावायचा हट्ट धरू नका. कढईचा आवाज पुरतो.

३. जाहिरात छोटी आणि नेमकी

या वेळी बूस्ट बटण दाबलं नाही. ॲड्स मॅनेजर उघडलं. तिथे आधी विचारतात की तुम्हाला हवं काय आहे. आम्ही सांगितलं, लोकांनी व्हॉट्सॲपवर मेसेज करावा. नकाशावर पुण्याचे आपली माणसं जास्त राहतात ते दोन भाग निवडले. रोज ३०० रुपये, सात दिवस. २,१०० आणि जीएसटी धरून २,४७८ रुपये.

४६ मेसेज आले, त्यातून ११ घरं ठरली. म्हणजे एका घराला सुमारे २२५ रुपये खर्च. आईला किलोमागे १८० रुपये सुटतात, दोन किलोचे ३६०. म्हणजे पहिल्याच वर्षी १३५ रुपये हातात उरले. आणि ते घर पुढच्या वर्षी परत आलं, तर त्याला जाहिरातीचा खर्च शून्य. हे गणित तुमच्या वस्तूला बसतंय का ते कागदावर करा, मगच पैसे टाका. एका ग्राहकामागे १०० रुपये सुटत असतील आणि तो पुन्हा येणार नसेल, तर २२५ ची जाहिरात म्हणजे धंद्याचं नुकसान.

४. "कुठून कळलं?"

हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण हे माझ्या रोजच्या कामासारखं आहे. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आई एक प्रश्न विचारायची, "आमचं कुठून कळलं?" आणि वहीत रेघ मारायची. ना सॉफ्टवेअर, ना डॅशबोर्ड.

हंगाम संपला तेव्हा ७४ नवी घरं झाली होती. रेघा मोजल्या. जुन्या गिऱ्हाइकांनी सांगून किंवा फॉरवर्ड करून आलेले ३८. रील बघून १४. जाहिरातीतून ११. गुगल मॅपवरून ७. सोसायटीच्या ग्रुपमधून ४.

बघा, मी सगळ्यात जास्त वेळ देत होते रीलला. आणि निम्म्याहून जास्त लोक आले ते कुणीतरी कुणाला तरी सांगितलं म्हणून. मग आम्ही काय केलं, तर ते सांगणं सोपं केलं. एकच फोटो, त्यावर भाव, वजन, बुकिंगची शेवटची तारीख आणि नंबर. सोबत आईच्या आवाजातली वीस सेकंदांची क्लिप. कुणालाही पुढे पाठवता येईल असं.

याचा अर्थ रील फुकट गेले असं नाही. फॉरवर्ड आलेला माणूस पैसे पाठवण्याआधी पेज उघडून बघतो. तिथे आई दिसली, मिरची दिसली, अंगण दिसलं, की त्याची भीती जाते. रीलचं खरं काम आमच्यासाठी ते होतं. हे वहीतल्या रेघांमुळे कळलं.

गुगलचं बिझनेस प्रोफाइलही फुकट असतं. दारात गिऱ्हाईक नको असेल तर पत्ता लपवता येतो. मसाला पोचल्यावर आम्ही फोटो आणि दोन ओळी मागायचो. खोटे रिव्ह्यू मात्र लिहून घेऊ नका. भावंडांनी लिहिलेले रिव्ह्यू वाचताना लगेच कळतात.

५. थांबायचं कधी?

आठवड्याचे ३० किलो भरले की आई स्टेटस टाकायची, "या आठवड्याचं संपलं. पुढचं सोमवारी." पहिल्यांदा मला वाटलं, लोक जातील. कुणी गेलं नाही. उलट सोमवारी सकाळी आठला मेसेज यायचे.

काही छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

पटपट सांगते. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर धंदा कितीही लहान असो, एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या आणि तो १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापा. आमच्या कितीतरी पुणेकरांनी आधी तोच विचारला.

कुणी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला तर त्यावर विसंबू नका. आपल्या खात्यात जमा दिसले की मगच माल.

व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा. "तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर क्लिक करू नका. छोट्या धंद्याची पेज अशीच चोरीला जातात, आणि सोबत जातात त्या सगळ्या ऑर्डरी.

आणि एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेतलात, तर ती जाहिरात आहे हे त्यानं स्पष्ट लिहायला हवं. २०२१ पासून ॲस्कीचे तसे नियम आहेत.

शेवटचं

मी सोशल मीडियाला गाव समजत होते. जितके जास्त लोक जमतील तितकं चांगलं. आई त्याला दुकानाची पायरी समजते. पायरीवर कोण उभं आहे, त्याला काय पाहिजे, आपल्याकडे ते आहे का. तिला अल्गोरिदम हा शब्द येत नाही, पण हे तीन प्रश्न तिला माझ्या आधीपासून येत होते.

तुम्हाला एक गृहपाठ देते. आज रात्री पेज उघडू नका. वही उघडा. महिन्याला आपल्याकडून जास्तीत जास्त किती होतं ते लिहा. त्यातून जुन्या गिऱ्हाइकांचं वजा करा. जे उरेल, तेवढेच लोक तुम्हाला शोधायचे आहेत. तो आकडा बघून तुम्हाला हलकं वाटेल, बघा.

आणि हो, काकूंचं राहिलंच. या वर्षी त्यांनी मसाला घेतला. पाच किलो नाही, दोन. उरलेला त्या अजून दुसरीकडूनच घेतात. आईनं वहीत त्यांच्या नावापुढे "२" लिहिलं आणि बाजूला पेन्सिलनं "५", लहानसं.

तुमच्या घरचा धंदा कोणता आहे आणि तुमचा "सत्तर"चा आकडा किती निघाला, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात पॅकिंगवर बोलू, कारण त्या फुटलेल्या पिशव्यांनीही मला बरंच शिकवलंय. तोपर्यंत काळजी घ्या. आणि मसाल्याच्या बरणीत ओला चमचा घालू नका. भेटू!